त्रिनिदादला नवीन आलात? आधी डबल्सच्या गाडीपाशी उभं राहायला शिका

नोकरीसाठी असो नाहीतर शिकायला, इकडे यायचं ठरलं की ओळखीतून फोन येतो आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो, ताई तिथे तूरडाळ मिळते का, आणि दुसरा, कुकर आणू का. मी दोन्हीची उत्तरं देते (मिळते पण दरवेळी मिळेलच असं नाही, आणि हो, आणा), पण मला खरं सांगायचं असतं ते वेगळंच. अहो तुम्ही ज्या बेटावर येताय तिथे अळूवडी रस्त्यावर गाडीवर मिळते, ताज्या तुरीच्या दाण्यांचा भात घराघरात होतो, आणि पुरणपोळीची तिखटमिठाची बहीण कागदात गुंडाळून हातात देतात. हे सगळं सोडून पहिले सहा महिने घरात बसून मुगाची खिचडी खाणारी माणसं मी बघितलीत आणि मला वाईट वाटतं. म्हणून हे सगळं क्रमाने लिहितेय, आल्या दिवसापासून काय काय करायचं ते. मी चिपळूणची, सात वर्षं झाली इथे सेंट ऑगस्टीनच्या बाजूला राहतेय.

निघायच्या आधी

हे पटकन सांगते कारण यात मजा काही नाही पण चुकलात तर त्रास आहे. पिवळ्या तापाची लस तिकडेच घ्या, निदान दहा दिवस आधी, आणि ते पिवळं कार्ड पासपोर्टसोबतच ठेवा. त्रिनिदादहून भारतात परत उतरताना ते कार्ड मागतात, नसेल तर विमानतळावरूनच वेगळं ठेवू शकतात, सुट्टीचे दिवस त्यात जातात. दुसरं म्हणजे इथली वीज ११५ व्होल्टची आहे आणि पिना चपट्या, त्यामुळे आपला २३० व्होल्टचा मिक्सर आणून उपयोग नाही, इथे येऊन घ्या. तिसरं, लष्करी छापाचे कपडे, म्हणजे ते हिरवे मातकट ठिपक्यांचे, साध्या माणसाने इथे घालणं कायद्याने बंद आहे, लहान मुलांचे सुद्धा बॅगेत टाकू नका. गोडा मसाला, आमसुलं, जाडे पोहे आणि मेतकूट आणा. हळद जिरं धणे मोहरी आणू नका, इथे ढिगाने आहे.

आणि एक वेळेचं गणित. आपण भारताच्या साडेनऊ तास मागे, म्हणजे इथे सकाळचे आठ तेव्हा घरी संध्याकाळचे साडेपाच. आईला फोन सकाळी करायचा, रात्री नाही.

पहिला दिवस: तोंडाने गुड मॉर्निंग म्हणा

खाण्याच्या आधी हे का सांगतेय ते कळेल. इथे दुकानात, बँकेत, दवाखान्याच्या बाकावर, मॅक्सीमध्ये (इथली मिनीबस), कुठेही आत पाऊल टाकलं की तिथे असलेल्या सगळ्यांना मोठ्याने गुड मॉर्निंग म्हणायचं, दुपार असेल तर गुड आफ्टरनून, आणि अंधार पडला की गुड नाईट. गुड नाईट हा निरोप नाही हं, ते भेटल्यावरचं नमस्कार आहे, मला पहिल्या आठवड्यात कळेना की मी आत आले आणि ही बाई मला झोपायला का सांगतेय. आपण मुंबई पुण्यात सरळ काऊंटरवर जाऊन काय हवं ते बोलतो, इथे तसं केलं तर उद्धट वाटतं, आणि मग समोरची बाई तुम्हाला मुद्दाम हळू वाढते. गुड मॉर्निंग म्हटलंत तर तीच बाई "येस डार्लिंग" म्हणून चार गोष्टी आपणहून सांगते. त्यात काही वावगं नाही, डार्लिंग, फॅमिली, बॉस, ही सगळी इथली साधी हाक आहे. वयाने मोठ्यांना अंकल, आंटी किंवा टांटी. आणि "जस्ट नाऊ" म्हणाले तर आत्ता नव्हे, नंतर, कधीतरी.

पहिली सकाळ: डबल्स

आता मूळ मुद्दा. सकाळी सहा साडेसहाला बाहेर पडा, चौकात कुठेतरी मोठी छत्री, खाली लाकडी पेटी आणि भोवती गोल करून उभी राहिलेली माणसं दिसतील, ऑफिसचे कपडे घातलेले, शाळेची मुलं, रात्रपाळी संपवून आलेला पोलीस, सगळे. तिथे जा. डबल्स म्हणजे "बारा" नावाच्या दोन मऊ पुऱ्या, मैद्याच्या हळद घातलेल्या, आंबवून तळलेल्या, तळहाताएवढ्या, आणि त्यावर छोल्यांचा पातळसर रस्सा, त्याला इथे चन्ना म्हणतात. बारा म्हणजे आपला वडाच, शब्द भोजपुरीतून आलाय. १९३६ च्या सुमारास प्रिन्सेस टाऊनला डीन नावाच्या कुटुंबाने हे विकायला सुरुवात केली असं इथे सगळे सांगतात, आधी एकाच बाऱ्यावर चन्ना द्यायचे, गिऱ्हाईक म्हणायला लागले डबल कर, म्हणून नाव डबल्स. एक घेतला तरी डबल्सच म्हणायचं.

मागायचं कसं तर "वन विथ स्लाईट" म्हणजे एक, थोडं तिखट घालून. "प्लेंटी" म्हणू नका पहिल्या महिन्यात. मी कोल्हापूरची आहे मला काय होतंय असं म्हणणारी एक मैत्रीण आली होती, तिचे डोळे अर्धा तास वाहत होते, कारण इथली मिरची आपल्या मिरचीसारखी जिभेवर लागून जात नाही, ती थांबून घशात चढते. दक्षिणेला मोरुगा नावाचं गाव आहे, तिथली स्कॉर्पियन मिरची २०१२ मध्ये जगातली सगळ्यात तिखट म्हणून मोजली गेली होती, एवढं लक्षात ठेवा. स्लाईट म्हटलं की तो पटापट चिंचेची चटणी, काकडीचा कीस, कुचेला (किसलेल्या कैरीचं तिखट लोणचं) असं काय काय घालतो आणि बटर पेपरमध्ये चिमटून देतो. तो कागद उघडून तळहातावर धरायचा, वरच्या बाऱ्याचा तुकडा तोडून त्याने चन्ना उचलायचा, दोन्ही हात लागतात आणि मनगटापर्यंत ओघळ येतो, तसंच खायचं असतं ते. उभ्याने. पहिला संपला की दुसरा मागायचा, पैसे शेवटी, गाडीवाल्याला किती खाल्ले ते बरोबर लक्षात असतं, तुम्हीही खरं सांगायचं.

शाकाहारी माणसासाठी याहून सोपं काही नाही, यात दूधतूप पण नाही. आणि या गोलात उभं राहूनच तुम्हाला घर भाड्याने कुठे आहे, पाणी कुठल्या भागात रोज येत नाही (टाकी आहे का हे घर बघतानाच विचारा), कुठला डेंटिस्ट बरा, हे सगळं कळेल. मला माझं आत्ताचं घर क्युरेपच्या चौकात डबल्स खाताना मिळालं, शेजारी उभ्या असलेल्या आंटीने तिच्या बहिणीचा वरचा मजला रिकामा आहे म्हणून सांगितलं.

पहिला आठवडा: बाजारातले शब्द

शनिवारी पहाटे बाजारात जा, चगुआनासचा असो की टुनापुनाचा, आणि इंग्रजी भाजीची नावं विसरा. वांग्याला बैगन, बटाट्याला आलू, कारल्याला करैली, चवळीच्या शेंगांना बोडी, भेंडीला ओक्रो, लसणीला गार्लिकच. जिऱ्याला गीरा. "भाजी" म्हणजे फक्त पालेभाजी, तीही बहुतेक अळूची नाहीतर पालकाची. पेपर म्हणजे मिरची, मिरी हवी असेल तर ब्लॅक पेपर म्हणा. केळ्याला फिग म्हणतात, ग्रीन फिग म्हणजे कच्ची केळी, अंजीर शोधत फिरू नका.

हे शब्द इथे कसे आले ते थोडं सांगते कारण ते कळलं की या माणसांशी बोलताना तुमचा सूर बदलतो. ३० मे १८४५ ला फातेल रझाक नावाचं जहाज कलकत्त्याहून सव्वादोनशेच्या आसपास माणसं घेऊन इथे लागलं, उसाच्या मळ्यांवर करारावर राबायला. १९१७ पर्यंत असे एक लाख चाळीस हजारांहून जास्त लोक आले, बहुतेक बिहार आणि पूर्व उत्तर प्रदेशातले. आज देशातला साधारण तिसरा हिस्सा त्यांच्या वंशाचा आहे. भाषा बोलण्यातून जवळजवळ गेली पण स्वयंपाकघरातली राहिली, तवा, बेलना, कलछुल, लोटा, फोडणीला छौंके, मसाला परतण्याला बुंजे. ऐंशी वर्षांची आजी जिला हिंदीचं एक वाक्य येत नाही ती मला म्हणाली, "गर्ल, छौंके द दाल विथ गीरा." त्यांना तुम्ही भारतातले खरे आणि आम्ही नकली असं चुकूनही जाणवू देऊ नका. तुमची चपाती अशी नसते, आमच्याकडे असं करतात, हे पहिल्या महिन्यात तोंडातून काढायचंच नाही. त्यांनी पावणेदोनशे वर्षं हे जपलंय, आपल्यापैकी कुणी मदतीला आलं नव्हतं.

बाजारात दोन गोष्टी नक्की घ्या. एक शॅडो बेनी, काही जण बनधनिया म्हणतात, लांब पानं आणि काठाला बारीक काटेरी दात, वास कोथिंबिरीचा पण दणकट. कोथिंबीर महाग आणि मरतुकडी मिळते, हे मुबलक मिळतं, चटणीत हेच वाटा, प्रमाण निम्मं. दुसरं म्हणजे अळूची पानं, इथे डशीन बुश म्हणतात, गठ्ठाच मिळतो. आणि डाळ, इथे दाल म्हटलं की पिवळी वाटाण्याची डाळ, तिची आमटी छान होते, शिजायला जरा वेळ लागतो म्हणून कुकर आणा म्हटलं. भाताबरोबर ती डाळ आमसूल टाकून करून बघा.

रोटीच्या दुकानात

रोटी मागितली की ते विचारणार कुठली. दालपुरी म्हणजे मैद्याची मोठी थोरली पोळी, आत वाटलेली डाळ, भाजलेलं जिरं आणि तिखट. पहिला घास घेतला तेव्हा मला आईच्या पुरणपोळीची आठवण आली, तोच प्रकार, पुरण भरायचं, लाटताना फुटू द्यायचं नाही, फक्त गूळ नाही. शेजारच्या टांटीला मी होळीला पुरणपोळी नेऊन दिली तर तिने तुकडा मोडून आतलं बघितलं आणि म्हणाली, "बट दिस इज स्वीट दालपुरी!" तेव्हापासून दरवर्षी तिचा वाटा ठरलेला आहे.

दुसरी पराठा रोटी, तव्यावरच दोन लाकडी उलथन्यांनी बडवून बडवून चिंध्या करतात, म्हणून नाव बस-अप-शट, फाटका शर्ट. भाजीबरोबर खायला हीच बरी. तिसरी सादा रोटी, ही नाश्त्याची, जाडसर, बेकिंग पावडर घातलेली, फुगते टम्म, आणि तिच्याबरोबर बैगन चोखा नाहीतर टोमॅटो चोखा, म्हणजे आपलं भरीत, लसूण आत खोचून विस्तवावर भाजलेलं आणि वरून कडकडीत तेल. सकाळी सातला सादा रोटी आणि भरीत. मला यापेक्षा चांगला नाश्ता सांगता येत नाही.

दालपुरीच्या आत काय घालू विचारतात तेव्हा शाकाहारी असाल तर चन्ना-आलू, भोपळा, बोडी, किंवा चटाइन, हे फणसासारखं काटेरी फळ असतं, त्याची भाजी अगदी आपल्या कच्च्या फणसाच्या भाजीच्या जवळची. मांसाहारी असाल तर बकरा, कोंबडी, बदक. दुकानात मिळणारी करी पावडर पिवळी असते, त्यात तिखट नसतं, ती पाण्यात कालवून गरम तेलात कोरडी होईपर्यंत परततात, म्हणून रस्सा आपल्यापेक्षा पिवळा आणि गुळगुळीत. हे वेगळं आहे, कमी नाही.

डेबे नावाचं गाव आहे दक्षिणेत, सान फर्नांडोच्या पुढे, तिथे रस्त्याच्या कडेला ओळीने स्टॉल आहेत. एखाद्या रविवारी संध्याकाळी मुद्दाम जा. सहीना मागा, डाळीचं पीठ लावलेली अळूची पानं, तळून, मध्ये चिरून आंबट तिखट चटणी भरलेली. कोकणातल्या माणसाने डोळे मिटून खावी. फुलोरी म्हणजे डाळीची गोल भजी, आलू पाय म्हणजे लांबट तळलेला बटाट्याचा प्रकार, कुरमा म्हणजे साखर चढवलेली शंकरपाळी, पण बोटासारखी लांब. गुलाबजाम पण वेगळा, लांबोळा आणि कोरडा, वरून साखर, पाकात बुडवलेला नाही, तो वेगळाच पदार्थ समजून खा म्हणजे आवडेल.

पहिला रविवार

इथे रविवारचं दुपारचं जेवण ही खूप मोठी गोष्ट आहे, आणि हे जेवण सगळ्यांचं, आफ्रिकी वंशाचे असोत, भारतीय असोत, मिश्र असोत. कुणी बोलावलं तर नाही म्हणू नका. ताटात काय असतं तर मॅकरोनी पाय (चीज घालून भाजलेल्या मॅकरोनीच्या वड्या), कढवलेल्या साखरेत लाल केलेली कोंबडी, भात, राजम्यासारखे लाल बीन्स, तळलेली पिकी केळी, आणि कालालू. या कालालूवर मी थांबणार आहे, कारण हे आपलं अळूचं फतफतं आहे, दूरच्या आफ्रिकेच्या वाटेने आलेलं. अळूची पानं, भेंडी, भोपळा, नारळाचं दूध, शॅडो बेनी, सगळं शिजवून घोटायचं, आणि घोटायला जी काडी वापरतात ती रवीसारखीच हातात फिरवायची. ताक आणि दाणे नाहीत, आंबट नाही, गोडसर मऊ लागतं. फक्त एक, शाकाहारी असाल तर आधी विचारा, कारण त्यात खेकडा किंवा खारवलेली डुकराची शेपटी बऱ्याचदा घालतात. लाल बीन्समध्येही. स्पष्ट विचारलं तर कुणी वाईट वाटून घेत नाही, "नो मीट, नो पिगटेल" म्हणायचं. "व्हेजिटेरियन" एवढंच म्हटलं तर मासे चालतील असं काही जणांना वाटतं.

पलाव पण शिका. नाव पुलावासारखं, पण रीत वेगळी, पातेल्यात आधी साखर जाळायची, गडद तपकिरी होऊन फेस आला की त्यात कोंबडी, मग तांदूळ, नारळाचं दूध आणि ताजे तुरीचे दाणे. ख्रिसमसच्या आसपासपासून पुढे हे दाणे शेंगांसकट विकायला येतात, हिरवे, आणि सोलत बसायचं काम असतं सगळ्यांनी मिळून, आपल्याकडे मटार सोलतात तसं. मी कोंबडी न घालता भोपळा घालून करते, साखर जाळताना दोन सेकंद जास्त झाले तर कडू होतं, तिथेच उभं राहायचं.

लाईम म्हणजे काय ते समजून घ्या

लाईम म्हणजे लिंबू नाही. लाईम म्हणजे काहीही काम नसताना चार माणसांनी एकत्र वेळ घालवणं, आपला कट्टा. "लेट वी लाईम" म्हणाले की कार्यक्रम काय, किती वाजता संपणार, हे विचारू नका. नदीवरचा लाईम असतो, कौरा नदीच्या काठी तीन दगडांवर काळं लोखंडी पातेलं ठेवून बदकाची करी शिजवतात, मुलं पाण्यात, म्हातारे पत्ते कुटतात, आणि दुपार अशीच जाते. जाताना रिकाम्या हाताने जायचं नाही, बर्फाची पिशवी नेलीत तरी चालते, खरंतर बर्फच हवा असतो सगळ्यांना.

समुद्रावरचा लाईम म्हणजे मराकास. पोर्ट ऑफ स्पेनहून डोंगरातून वळणावळणाचा रस्ता आहे, अमेरिकन सैन्याने दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बांधलेला, आणि वरून समुद्र दिसतो तेव्हा गाडीतले सगळे गप्प होतात. तिथे बेक अँड शार्क खायचं. बेक म्हणजे भटुऱ्यासारखी तळलेली जाड पुरी, आत तळलेला मासा, आणि मग तुम्ही स्वतः टेबलावरच्या वाट्यांमधून लसणीची, चिंचेची, शॅडो बेनीची चटणी, अननस, कोबी, काकडी जे हवं ते भरायचं. माझं म्हणणं शार्क नको, दुसरा मासा मागा, शार्क समुद्रातून कमी होत चाललेत आणि चव सगळी त्या चटण्यांची आहे. शाकाहाऱ्यांना नुसत्या भाज्यांचं पण देतात. पाण्यात उतरायच्या आधी झेंडे बघा, लाल झेंडा असेल तिथे जायचं नाही, खालचा ओढा जोरात असतो, पोहता येत असलं तरीही.

फळं आणि पेयं

चाऊ ही इथली सगळ्यात सोपी मजा. कैरी, अननस किंवा पॉमसितेर (आपला अंबाड्याचा गोड भाऊ) चिरायचं, त्यात मीठ, लसूण, लिंबू, मिरची आणि शॅडो बेनी, पिशवीत घालून हलवायचं आणि काडीने खायचं. लसूण अननसात? हो. खाऊन बघा मग बोला. आंब्यांमध्ये ज्युली, स्टार्च, लाँग, ग्रॅहम अशा जाती, साधारण मे ते जुलै. हापूस शोधू नका, रत्नागिरीच्या वासाची आठवण काढत ज्युली खाल्लात तर दोन्हीवर अन्याय होतो. स्टार्च चोखून खायचा, आमच्या रायवळासारखा.

पोर्ट ऑफ स्पेनला सवाना नावाचं प्रचंड मोठं मैदान आहे, त्याच्या कडेला संध्याकाळी शहाळीवाले असतात, "जेली" म्हटलं की मलईवालं देतात. मॉबी नावाचं सालीचं कडू गोड पेय आहे, पहिल्यांदा आवडत नाही, तिसऱ्यांदा आवडतं. सॉरेल ख्रिसमसचं, लाल अंबाडीच्या बोंडांचं, लवंग दालचिनी घालून. मद्य घेत नसाल तर एलएलबी मागा, लिंबाचा सोडा आणि अंगोस्तुराचे (इथला कडू मसालेदार अर्क) काही थेंब, त्या थेंबांत अगदी जरासं अल्कोहोल असतं, तेही नको असेल तर नुसतं शहाळं. घेत असाल तर कॅरिब किंवा स्टॅग बीअर आणि इथली रम, पण गाडी चालवायची नाही.

फिरायचं कसं

मॅक्सी टॅक्सी म्हणजे पांढरी मिनीबस, तिच्यावरच्या पट्ट्याचा रंग बघायचा. पिवळा पट्टा पोर्ट ऑफ स्पेन आणि पश्चिमेला, लाल पूर्वेकडे, हिरवा चगुआनास सान फर्नांडोकडे, टोबॅगोत (या देशाचं दुसरं बेट) निळा. मोठा अड्डा सिटी गेट. चढताना गुड मॉर्निंग, विसरू नका. लहान शेअर टॅक्सी असतात त्यांच्या नंबराची सुरुवात एच अक्षराने होते, तीच घ्या, पी नंबराची खासगी गाडी थांबली तरी बसू नका. रात्री उशिरा एकटं चालत जाऊ नका, कुठला रस्ता टाळायचा ते शेजाऱ्यांना विचारा, ते खरं सांगतात. माझ्या घरासमोरच्या अंकलनी पहिल्याच दिवशी फोन नंबर लिहून दिला होता, कधीही कर म्हणाले.

क्रिकेटचं बोलणं निघालं की तुमची मैत्री झालीच समजा. क्वीन्स पार्क ओव्हलवरच मार्च १९७१ मध्ये अजित वाडेकरांच्या संघाने वेस्ट इंडिजला पहिल्यांदा हरवलं, सरदेसाईंचं शतक, आणि गावसकरांची ती पहिली कसोटी. त्या दौऱ्यात त्यांनी चार कसोटींत ७७४ धावा केल्या आणि इथल्या गायकाने त्यांच्यावर कॅलिप्सो रचला. सत्तरी ओलांडलेले अंकल अजून त्यातली ओळ म्हणून दाखवतात, मी मुंबईच्या बाजूची आहे म्हटल्यावर एकांनी माझ्याकडून फळांचे पैसे घेतले नव्हते.

वर्षभरात काय चुकवायचं नाही

जानेवारी फेब्रुवारीत संध्याकाळी पॅनयार्डला जा. स्टीलपॅन, तेलाच्या पिंपापासून बनवलेलं वाद्य, याच बेटावर जन्मलं आणि २०२४ पासून कायद्याने देशाचं राष्ट्रीय वाद्य आहे. कार्निव्हलच्या आधी प्रत्येक बँड आपल्या अंगणात रात्री सराव करतो, जाऊन उभं राहायचं, पैसे लागत नाहीत, बाहेर मक्याच्या कणसाचं सूप मिळतं, डाळ आणि पिठाचे गोळे घातलेलं, ते हातात घ्यायचं. शंभर माणसं एकाच वेळी वाजवतात तेव्हा आवाज छातीत लागतो, आमच्याकडच्या ढोलपथकासारखा, पण सुरांचा. कार्निव्हल म्हणजे राखेच्या बुधवारच्या (ख्रिश्चनांच्या उपवासाचा पहिला दिवस) आधीचे सोमवार मंगळवार, जूव्हे सोमवारी पहाटे अंधारात सुरू होतो, चिखल रंग चॉकलेट अंगाला फासतात, जुने कपडे घाला आणि ओळखीच्या टोळीबरोबरच जा.

ईस्टरला टोबॅगो. विमानाने अर्ध्या तासाच्या आत, बोटीने काही तास. स्टोअर बे वर खेकडा आणि डंपलिंग, आणि ईस्टर मंगळवारी बकऱ्यांची शर्यत. इकडे त्रिनिदादमध्ये मार्च ते ऑगस्ट मटुरा किंवा ग्रान रिव्हिएरच्या किनाऱ्यावर रात्री लेदरबॅक कासवं अंडी घालायला येतात, परवाना आणि वाटाड्या घेऊनच जायचं, टॉर्च मारायचा नाही.

डिसेंबरात परांग, स्पॅनिशमधली गाणी म्हणत घरोघर जातात, पास्टेल म्हणजे केळीच्या पानात बांधून उकडलेलं मक्याच्या पिठाचं, आत सारण, आपल्या पानग्याची आठवण येते. ब्लॅक केकसाठी मनुका वगैरे फळं महिनोन्महिने रममध्ये भिजवलेली असतात, नको असेल तर आधीच सांगा.

आणि दिवाळी. ती १९६६ पासून इथे सरकारी सुट्टी आहे. चगुआनासला दिवाळी नगर भरतं, १९८६ पासून, दिवाळीआधीच्या रात्री, सगळं खाणं शाकाहारी. पण खरी दिवाळी बघायला फेलिसिटीसारख्या गावात जा, बांबू वाकवून त्याच्या नक्ष्या करतात आणि त्यावर हजारो पणत्या, त्यांना इथे देया म्हणतात. त्या दिवशी घराचं फाटक उघडं असतं. ओळख नसली तरी आत बोलावतात, सोहारीच्या पानावर जेवायला वाढतात, पराठा, भोपळा, चन्ना-आलू, कैरीचं लोणच्यासारखं, चटाइन, भात डाळ, आणि हाताने खायचं. निघताना कागदी पिशवी देतात, कुरमा, बर्फी, आणि परसाद, जो चाखलात की कळेल, मनुका घातलेला आपला शिराच आहे. आम्ही दरवर्षी चकली आणि बेसनाचे लाडू करून निदान दहा पुडे सोबत नेतो, कमीच पडतात, तुम्ही पंधरा करा.